धोंडाईचे सातवे पाणी

एका राज्यात लहान असे काही नव्हते. म्हणजे होते सगळेच, पण तसे म्हणायची सोय नव्हती.

दोन डोंगर, एक नदी आणि साडेतीनशे उंबरे, एवढेच ते राज्य. राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून राजाने उजवीकडे पाहिले की एक सीमा दिसे आणि डावीकडे पाहिले की दुसरी. राजाचे नाव उत्तुंगसेन. त्याच्या राज्याभिषेकाला परमुलखातला एक भाट आला आणि भर दरबारात बोलून गेला, "वाहवा, काय इवलेसे, देखणे राज्य!" तो बिचारा स्तुतीच करत होता. पण राजाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच दिवशी हुकूम निघाला, की ज्या ज्या शब्दाने वस्तू लहान होते, तो तो शब्द हद्दपार.

शिपाई घरोघर फिरले. चुलीपाशी चिमूटभर आणि अंमळ सापडले, ते नेले. सोनारआळीतून रतीभर आणि गुंजभर नेले, शिंप्याकडून सूतभर, न्हाव्याकडून केसभर. पाळण्यांतून चिमुकले, इटुकले, पिटुकले असे काय काय निघाले, तेही आयांच्या हातून ओढून घेतले. सात पोती भरली. ती बैलगाडीवर घालून सीमेवरच्या डोंगरात नेऊन ओतली. ओतताना फार धूळ उडाली, असे गाडीवान पुढे कित्येक वर्षे सांगत असे.

तेव्हापासून लोक डबक्याला महासागर म्हणू लागले. आचाऱ्याने 'आमटीत मिठाचा डोंगर घाल' म्हणावे आणि नव्या पोऱ्याने खरोखर डोंगर घालावा. वैद्याला मात्रा सांगता येईना, तो नुसती बोटे नाचवी. राईचा पर्वत करणे ही इतर राज्यांत खोड असते. इथे ते सरकारी काम होते. पण माणूस कशालाही सरावतो. वीस वर्षे गेली. पोरांना ते शब्द ठाऊकच झाले नाहीत आणि थोरले लोक जीभ चावता चावता विसरून गेले.

एकीच्या ओठांत मात्र थोडे उरले होते. तिचे नाव धोंडाई. ती झारेकरीण होती. सोनारांच्या दुकानांतला केर, राख, माती गोळा करून न्यायची आणि नदीवर धुऊन त्यातले सांडलेले सोने काढायचे, हा तिच्या घराण्याचा धंदा. केर सात पाण्यांनी धुतात. पहिल्या पाण्याच्या तळाशी खडे बसतात, दुसऱ्याच्या चुरा, तिसऱ्याच्या कणी, चौथ्याच्या रवा, पाचव्याच्या कण, सहाव्याच्या रज. गाळाचे नाव घेतल्याशिवाय कुठे थांबायचे ते हाताला कळत नाही. म्हणून धोंडाई ती नावे ओठांतल्या ओठांत घेई, आणि शिपाई दिसला की खोकल्याचे निमित्त करी.

सातव्या पाण्याला नाव नव्हते. त्यात डोळ्याला काही दिसतही नसे. सासूने मरताना तिला एवढेच सांगितले होते, "सातवं पाणी फेकायचं नाही. रात्रभर निवळू द्यायचं, त्यावर फुंकर घालायची नाही आणि उगवत्या उन्हात बघायचं."

ही धोंडाई राजकन्येची दूधआई होती. राणी बाळंतपणात गेली, त्याच आठवड्यात धोंडाईचेही मूल गेले होते. राजवाड्याला दूध हवे होते आणि धोंडाईचे दूध थांबत नव्हते. राजाने मुलीचे नाव ठेवले विशाला. धोंडाईने तिला अंगावर पाजले, न्हाऊमाखू घातले, चालायला शिकवले. पण बारा वर्षांत तिला एकही लाडाचे नाव ठेवले नाही. लाडाची नावे सगळी लहान असतात, आणि विशालेला ती हौसच राहिली.

विशालेला बारा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी दरबार भरला होता. अकरा तुताऱ्या वाजून थांबल्या आणि सिंहासनाच्या पायाशी आवाज आला.

"राजा, भेट आणली आहे."

"कोण बोलते?"

"खाली पाहा."

खाली एक म्हातारा उभा होता. उंचीला वीतभर, दाढी बोटभर. तो सीमेवरच्या डोंगरातला मांत्रिक रेणुगुप्त. त्याच्या तळहातावर मोहरीचा एक दाणा होता.

"यात एक बाग आहे," रेणुगुप्त म्हणाला. "कन्येला दे."

राजाला दाणा स्वच्छ दिसत होता. पण तो केवढा आहे हे सांगायला शब्द नव्हता आणि सारा दरबार तोंडाकडे बघत होता. "आम्हाला इथे काही दिसत नाही," राजा म्हणाला, आणि त्याने पाय खाली ठेवला. जोड्याखाली काहीतरी चुरडले. क्षणभर दरबारात फुलांचा वास आला आणि गेला.

रेणुगुप्ताने आपला रिकामा हात पाहिला.

"ठीक. जे तुला दिसत नाही, ते आता तुझ्या घरी येईल. उद्यापासून रोज सूर्योदयाला तुझी लेक निम्मी होईल. सूर्य क्षितिज सोडायच्या आत तिच्या मापाचा नेमका शब्द कोणी उच्चारला, तर ती तो दिवस टिकेल. नाही उच्चारला, तर विरून जाईल. एकदा वापरलेला शब्द पुन्हा चालणार नाही."

"आणि उःशाप?" प्रधानाने घाबरत विचारले.

"सर्वांत लहान शब्द, सर्वांत मोठ्या तोंडातून," असे म्हणून मांत्रिक दाराच्या फटीतून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडले तेव्हा पलंगावर विशाला निम्मी झाली होती. झग्यात तिचे हात हरवले होते. राजाने पंडित बोलावले. पंडितांनी पोतडीतून होते नव्हते ते काढले. "प्रचंड!" एक म्हणाला. "अवाढव्य!" दुसरा ओरडला. "जरा कमी प्रचंड," तिसऱ्याने चाचपडत सुचवले. मुलीची बोटे टोकांपासून पारदर्शक होऊ लागली. तिने ती डोळ्यांसमोर धरली. त्यांतून तिला खिडकी दिसत होती.

"चिमुरडी," दारातून कोणीतरी म्हणाले.

बोटे परत भरली. सगळ्यांनी वळून पाहिले. हातात केराची पाटी घेऊन धोंडाई उभी होती. हुकूम मोडणाऱ्याची जीभ कापायची अशी शिक्षा होती. पण शब्द गेला होता तो गेला होता. राजाने तिच्याकडे पाहिले, लेकीकडे पाहिले.

"हिला तेवढी मोकळीक," तो तुटक म्हणाला. "बाकीच्यांना नाही."

म्हणजे लेक मरणाच्या उंबरठ्यावर उभी, तरी हुकूम जागच्या जागी. असतात अशी माणसे, आणि बहुधा उंच आसनावरच बसलेली असतात.

दुसऱ्या दिवशी धोंडाई म्हणाली, हातभर. तिसऱ्या दिवशी वीतभर, मग टीचभर, मग बोटभर. रोज पहाटे ती तोंड धुऊन पलंगाशी बसे आणि सूर्य डोकावेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागे. शब्द क्षणभर लवकर गेला तर वाया, क्षणभर उशिरा गेला तर मुलगी गेली. दिवसभर उद्याचा शब्द जिभेखाली धरून ती घरभर हिंडे, कोणी बोलायला आले तर मानेनेच उत्तर देई.

पेरभर झाली त्या दिवशी विशाला तिच्या तळहातावर बसली होती.

"धोंडाई, मी अजून मीच आहे ना?"

"तूच आहेस गं. पुरती तूच आहेस."

"उद्याचा शब्द आहे?"

"आहे."

"आणि परवाचा?"

धोंडाईने तळहात आपल्या गालापाशी नेला. मुलीने तिच्या अंगठ्याला घट्ट मिठी मारली. ती मिठी धोंडाईला जेमतेम कळली, आणि त्या जेमतेम कळण्याने तिचे काळीज फाटले.

मग नखाएवढी. मग कणीएवढी. तिळाएवढी झाल्यावर तिचे बोलणे ऐकायला कान टेकावा लागे. राईएवढी झाल्यावर कान टेकूनही ऐकू येईना. तिला काळ्या पाषाणाच्या ताटलीत ठेवले, म्हणजे पांढरा ठिपका दिसत राहील. खसखस. कण. राजा ताटलीपाशी बसून राही. त्याने अन्न टाकले होते. तेराव्या दिवशी धोंडाई म्हणाली, "रज," आणि ताटलीत काहीतरी चमकल्यासारखे झाले, एवढीच खूण.

"उद्या?" राजाने विचारले.

"उद्याचा नाही, महाराज. आमच्या धंद्यात सातव्या पाण्याला नाव नाही."

राजाने वीस वर्षांत कोणापुढे हात जोडले नव्हते. ते त्याने जोडले.

खिडकीत जास्वंदीवर एक फुलटोचा बसला होता. अंगठ्याएवढा पक्षी तो. तो म्हणाला, "शब्द जिथे ओतले, तिथे जा. मी वाट दाखवतो."

"चल, गरुडा," धोंडाई सवयीने म्हणाली. हुकुमाप्रमाणे त्याला तसेच म्हणावे लागे.

"ते नको," पक्षी म्हणाला. "मला लाज वाटते."

निघताना धोंडाईने सगळ्यांना बजावले. ताटलीवर फुंकर नको, पंखा नको, शिंक आली तर बाहेर पळा, उसासाही तोंड फिरवून टाका, आणि झाडू या दालनात आणू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक गोष्ट सांगायची राहिली. ती तिच्या ध्यानीमनीही नव्हती.

राज्य इतके विशाल, की सीमेवर पोचायला तिला दोन घटका लागल्या. डोंगराच्या कपारीत रेणुगुप्त बसला होता. त्याने एक सुई पुढे केली.

"दार हे. याच्या नेढ्यातून आत ये."

धोंडाई खाली बसली. आयुष्यभर तिने फाटके लुगडे शिवले होते. दोरा ओवताना धरतात तशी तिने सुई डोळ्याला लावली. नेढ्यातून तिला कपार दिसली, आतली समई दिसली, मांत्रिक दिसला.

"सगळं यात मावलं," ती म्हणाली. "मग मी बाहेर कशी राहीन?"

आणि ती आत होती.

आत खजिना होता. सोन्याच्या राशी, हिऱ्यांचे ढीग, आणि त्यांच्यामध्ये दगडाची माणसे. प्रत्येकाच्या दोन्ही मुठी सोन्याने भरलेल्या.

"एका खेपेत नेता येईल ते घे," रेणुगुप्त म्हणाला. "चुकीचे घेतलेस तर यांच्यात उभी राहशील."

धोंडाईने कमरेची केर टिपायची कुंचली काढली, पदर जमिनीवर पसरला आणि भिंतीकडेची धूळ गोळा करायला लागली. राशीखाली हात घालून, कोपरे खरवडून, दगडी माणसांच्या टाचांमागचीसुद्धा काढली. धुळीतून बारीक कुजबुज येत होती.

"सोने नको?" रेणुगुप्ताने विचारले.

"आम्ही झारेकरी, महाराज. सोन्याला हात लावत नाही. आमचा हक्क केरावर."

तिने पदराची गाठ मारली. तिच्या पायांचे दगड झाले नाहीत. रेणुगुप्त तिच्या जवळ आला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"शेवटचे विचारतो. तुझ्या हातांनी धरलेली सर्वांत लहान गोष्ट कोणती?"

रज, असे ती म्हणणार होती. धंद्याच्या हिशेबाने ते खरे होते. पण तिच्या तोंडून ते निघेना. तिने आपला तळहात पाहिला.

"माझा मुलगा," ती म्हणाली. "सातव्या महिन्यातच आला. या तळहातावर मावला होता. सकाळी आला आणि दिवेलागणीला गेला. वाड्यावरचा कारकून नोंद करायला आला, तर तो केवढा होता हे सांगायला मला शब्द नव्हता. कारकुनाने लिहिलं, महाकाय पुत्र. गल्लीतल्या बायका हसल्या. मग मी त्याच्यासाठी एक शब्द केला. माझा मीच. दिवसभर त्याच्या कानात तोच म्हणत होते. दुसऱ्या कोणी तो ऐकला नाही."

"तो सात पोत्यांत नाही."

"नसणार. पोती गेल्यावर तो झाला."

रेणुगुप्त खाली बसला. म्हातारा झाला होता तो, आणि त्या क्षणी फारच म्हातारा दिसला. "त्याहून लहान शब्द जगात नाही, बाई. पण तो राजाच्या तोंडून यायला हवा. आणि एकदा दिलास की तुझ्यापाशी राहणार नाही. आठवू पाहशील तर जिभेवर काही नसेल."

"त्याची दुसरी खूण नाही माझ्यापाशी. टोपडं नाही, पाळणा नाही."

"ठाऊक आहे."

"दुसरी वाट?"

"शाप मी दिला. आता तो माझ्याही हातात नाही."

धोंडाई डोंगर उतरली. वाटेत तिने पदराची गाठ सैल करून एकेक शब्द तळहातावर घेऊन पाहिला. लेश घेतला, लव घेतला, अळुमाळ घेतला. यातला एखादा पुरेल, अशी तिला वेडी आशा होती. पण प्रत्येकाचे थोडेतरी वजन हाताला लागत होते. तिच्या मुलाच्या शब्दाला वजन नव्हते. ती रडली नाही, फक्त चालता चालता तो शब्द मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, प्रवासाला निघालेल्या पोराला आई बघून घेते तशी.

राजवाड्यात शिरली तर आतून आक्रोश ऐकू आला.

झाले होते ते असे. दुपारी प्रधानाने राजाच्या विनवण्या केल्या, की महाराज, तेरा दिवस झाले, एक घास तरी घ्या. राजाने नाइलाजाने घास उचलला. आणि राजाने घास उचलला की अकरा तुताऱ्या वाजवायच्या, असा त्या राज्याचा शिरस्ता होता. तुतारीवाले तेरा दिवस दाराबाहेर वाट पाहून कंटाळले होते. त्यांनी छाती भरून फुंकले. ताटली नुसती थरथरली, आणि रिकामी झाली.

आता दालनात शंभर माणसे धावत होती. कोणी मोठमोठ्याने हाका मारत होते. सेनापतीने शोधकामासाठी दोन हत्ती आणवले होते. पहिल्याची सोंड दारात आली होती. आणि एक हुजऱ्या झाडू घेऊन उभा होता.

"थांबा!" धोंडाई ओरडली. "जो जिथं आहे तिथंच उभा राहा. पाय उचलू नका, पायाखाली कोण आहे ठाऊक नाही. तो झाडू टाक. हत्तीला मागे घ्या."

लहान तोंडी मोठा घास होता तो. पण सगळे थिजले. खुद्द राजाही एका पायावर उभा राहिला, कारण दुसरा त्याने नेमका उचलला होता.

धोंडाईने गुडघ्यांवर बसून कुंचलीने सारे दालन टिपले. फरशीच्या फटी, गालिच्याचे दोरे, माणसांच्या टाचा, हत्तीच्या सोंडेचे टोक. एकेकाला झटकून, तपासून बाहेर सोडले. सगळी धूळ पितळेच्या परातीत जमा झाली. मग ती धुवायला बसली. धुताना मुलगी बुडेल, अशी भीती राजाने बोलून दाखवली.

"बुडायला वजन लागतं, महाराज," ती म्हणाली. "घागर धरा."

राजाने घागर धरली. पहिले पाणी. "खडे," धोंडाई मोठ्याने म्हणाली, आता लपवायचे कशाला. दुसरे. चुरा. तिसरे. कणी. प्रत्येक गाळ ती बोटाने चाचपून बाजूला काढी. रवा. कण. सहाव्या पाण्यापर्यंत सूर्य कलला होता. परातीत आता नुसते रजकण उरले होते, हजारो, सगळे एकासारखे एक.

"यांतली विशाला कोणती?" राजाने विचारले.

धोंडाईला सांगता येईना. तिने परात उजेडाकडे फिरवली, परत फिरवली. एवढे करून, हाती असून, ओळखता येत नव्हती. राजा खाली बसला आणि त्याने तोंड फिरवून उसासा टाकला. तेवढे त्याच्या लक्षात होते.

मग धोंडाईला सासू आठवली.

"उजाडू द्या," ती सावकाश म्हणाली. "उद्या हे सगळे रजकण रजकणच राहतील. निम्मी होईल ती एकटी विशाला. हे तळाशी बसतील. ती वर राहील."

तिने सातवे पाणी घातले. परात गच्चीवर पूर्वेकडे ठेवली. राज्यात त्या रात्री कोणी जोराने श्वाससुद्धा घेतला नाही.

झुंजुमुंजू झाले. पाणी निवळून काचेसारखे झाले होते. सूर्याची कड वर आली, ऊन तिरपे परातीत शिरले. तळाशी रजाचा थर निपचित पडला होता. आणि पाण्याच्या मध्यावर, तरंगत, एक काहीतरी होते. ते दिसत होते असे म्हणता येणार नाही. तिथे ऊन जरा अडखळत होते एवढेच.

"तीच," धोंडाई म्हणाली.

राजा परातीवर वाकला. "महा..." त्याच्या तोंडून निघाले. वीस वर्षांची सवय. पाणी हलले. ऊन अडखळायचे थांबू लागले. "विशा... प्रच..." त्याने मान वर केली. "धोंडाई, माझ्या जिभेवर तसा शब्दच नाही गं!"

सूर्य अर्धा वर आला होता.

धोंडाईने डोळे मिटले. बारा वर्षांपूर्वीची ती दिवेलागण, तळहातावरचे ते ऊबदार ओझे, जे ओझे नव्हतेच. तिने तो शब्द मनात एकदा म्हटला. पुन्हा एकदा म्हटला. मग राजाच्या कानाशी तोंड नेले आणि तो देऊन टाकला.

तो शब्द कोणता, ते विचारू नका. सांगणाऱ्याच्या कानी तो पडलेला नाही. पडला असता तरी त्याने सांगितला नसता.

राजा गुडघ्यांवर आला. मग कोपरांवर आला. मुकुट घरंगळून गेला तो त्याने जाऊ दिला. नाक फरशीला टेकवून, ओठ पाण्याच्या काठाशी आणून, उत्तुंगसेन राजाने तो शब्द उच्चारला. इतक्या हळू, की पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही. मोठ्या तोंडी लहान घास. त्याच क्षणी सूर्याने क्षितिज सोडले.

पाण्यात रज दिसले. मग कण. मग खसखस, राई, तीळ, कणी. धोंडाई एकेक नाव मोठ्याने घेत होती आणि तिचा आवाज फुटत होता. नख, पेर, बोट. टीच, वीत, हात. परात चेपली, पाणी चहूकडे सांडले आणि मध्ये बारा वर्षांची मुलगी निथळत बसली होती. ती शिंकली. राजाने तिला कवटाळले आणि तो ढसाढसा रडला.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "धोंडाई, तो शब्द कुठे गेला? आता होता माझ्या तोंडात."

धोंडाईने तोंड उघडले. जिभेवर काही नव्हते.

"माझ्याकडूनही गेला, महाराज," ती म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

त्याच दिवशी हुकूम रद्द झाला. धोंडाईने पदरातली धूळ नदीवर धुतली आणि शब्द पाण्यातून घरोघर गेले. आचाऱ्याला चिमूटभर मिळाले, वैद्याला मात्रा सापडली, आया पाळण्यांवर वाकून काय काय बोलू लागल्या. दरबारच्या फरशीत, जिथे राजाचा पाय पडला होता, तिथे मोहरीचे एक रोप उगवले. ते कोणी उपटले नाही. तुतारीवाल्यांना घासामागे एकदाच, आणि तेही अंगणातून, वाजवायची ताकीद मिळाली. डोंगरातली दगडी माणसे मुठी सोडून आपापल्या घरी परतली.

राजाने जन्ममृत्यूची वही मागवली. बारा वर्षांपूर्वीचे पान काढले, महाकाय पुत्र या शब्दांवर रेघ ओढली आणि स्वतःच्या हाताने खाली लिहिले: धोंडाईचा मुलगा. सातव्या महिन्यात आला. एक दिवस होता. फार लहान होता. धोंडाईला वाचता येत नसे. तिने ते तीनदा दुसऱ्याकडून वाचून घेतले, वहीला हात लावून पाहिला आणि ती कामाला गेली.

पण तिचे हात चुकू लागले. नदीवर केर धुताना कुठे थांबायचे ते कळेना. पाणी ओतत राही आणि सोने वाहून जाई. लोक म्हणाले, वय झाले. तिला ठाऊक होते, वय नव्हे.

एके सकाळी विशाला नदीवर आली आणि तिच्या शेजारी दगडावर बसली.

"धोंडाई, मी पाण्यात होते ना, तेव्हा ऐकलं होतं."

"काय ऐकलंस?"

"बाबांनी हाक मारली ती. ज्याने दिला त्याच्याकडे तो राहिला नाही आणि ज्याने म्हटला त्याच्याकडेही नाही. पण हाक मला मारली होती. माझ्याकडे आहे."

ती धोंडाईच्या गळ्यात हात टाकून वाकली आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाली.

धोंडाईला तो शब्द ओळखीचा वाटला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्यासारखा वाटला. पण पाण्यातला तिचा हात आपोआप थांबला, पालथा होता तो उताणा झाला, आणि तळहाताची हळूच ओंजळ झाली, काहीतरी सांडू नये म्हणून धरतात तशी.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

विशालेने पुन्हा म्हटला.

मोठ्या कानांनी ऐकलीत, लहान तोंडाने सांगा. ज्याचे माप त्याला मिळो, आणि कोणाचेही सातवे पाणी वाया न जावो.